पाणपोईवरचा पग

आमच्या घरात पंचांग एकच आणि पत्रकं ढीगभर. बाबा कामगार संघटनेचे, त्यामुळे मी वाचायला शिकले तीच पत्रकांवर. पुढे स्वतः लिहू लागले. त्यातलं एक जातिवंत कुत्र्यांच्या विक्रीविरुद्ध होतं: शोभेसाठी माणसानं या जनावरांची नाकं चपटी करत नेली, आता त्यांना श्वाससुद्धा धड घेता येत नाही. ते मी अमरावतीच्या चौकात उभं राहून वाटलं. आणि त्याच वर्षी बदली होऊन निघालेल्या शेजाऱ्यांचा तसाच चपट्या नाकाचा पग आमच्याकडे आला, कारण ते त्याला बायपासवर सोडून देणार होते.

आई त्याला ‘पोट्टं’ म्हणते, म्हणजे पोरगं. चेहऱ्याच्या घड्या ओल्या कापसानं पुसते, मग कोरड्या करते, नाहीतर तिथं चिघळतं. त्याला फिरवून आणायचं ते ऊन निघायच्या आत. मानेला पट्टा नाही, छातीला बांधायचा. हे सगळं ती माझ्यापेक्षा नीट पाळते. फक्त तूप लावलेली पोळी चोरून देते, आणि मी ओरडले की म्हणते, “तुह्यं पत्रक त्याले वाचून दाखव.”

मे महिन्यात अकोल्याला मावशीच्या मुलीचं लग्न निघालं, मुहूर्त भर दुपारचा. पोट्ट्याला घरी ठेवावं तर वीज गेली की कूलर बंद, आणि बंद घरात ते तासभरही टिकणार नाही. म्हणून मामाच्या एसी गाडीतून न्यायचं ठरलं. मूर्तिजापूर मागे पडलं आणि एसीतून गरम हवा येऊ लागली.

“एसीनं दगा देल्ला,” मामा म्हणाला. “काचा खाली करा.”

खिडकीतून भट्टीचा जाळ यावा तशी झळ आली. पोट्टं आधी धापा टाकत होतं, मग त्या धापांना खरखर सुटली. तोंडातून दोरीसारखी लाळ लोंबू लागली. आईनं बाटलीतलं पाणी दुपट्ट्यावर ओतलं आणि तो पोट्ट्याला डोक्यापासून शेपटीपर्यंत घट्ट गुंडाळला. उन्हात निघताना आम्ही सगळेच असं डोकं-तोंड बांधून घेतो. मग तिनं ऊन लागू नये म्हणून पर्समध्ये ठेवलेला कांदा काढला, बुक्कीनं फोडला आणि त्याच्या तळपायांना चोळायला घेतला.

पोट्ट्याची मान कलली.

रस्त्याकडेला निंबाखाली पाणपोई दिसली. मामानं गाडी थांबवली. मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

“जीभ कशी दिसते?”

“जांभळी.”

“अंगावर काही गुंडाळलंय?”

“ओला दुपट्टा.”

“आधी काढा तो! आत वाफ कोंडते. सावलीत ठेवा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. तोंडात ओतू नका.”

“आई कांदा लावतेय.”

“कांदा कुत्र्याला विष आहे. चाटू देऊ नका, पाय धुवा.”

आईच्या हातातून कांदा गळून पडला. मी दुपट्टा सोडून पोट्ट्याला सावलीत ठेवलं आणि रांजणातून तांब्या भरून त्याच्या पोटावर ओतला, दुसरा मानेवर.

“काय व पोरी!” पाणपोईवरची म्हातारी खाटेवरून उठली. “मानसाले प्याले पानी नाई अन् तू कुत्र्याची आंघोळ करून राहिली?”

“आजी, मरतंय हो ते.”

“इथं पानी कोन आनते माहीत हाये? मी आनतो. थ्या हापशीवरून.”

‘माणसाला प्यायला पाणी नाही’, अगदी हेच वाक्य मी कार धुणाऱ्यांविरुद्धच्या पत्रकात लिहिलं होतं. तांब्या भरत राहिले. आई पदरानं वारा घालत होती.

“त्याचं नाक पाहा आजी,” मी म्हणाले. “माणसानंच असं करून ठेवलंय. म्हणून त्याला गार होता येत नाही.”

“मंग त्या मानसाले आन इथं पानी भराले.”

रांजणाच्या तळाला तांब्या घासला. तेवढ्यात मामाचा फोन वाजला. पलीकडे मावशी रडत होती: नवरीला मांडवात कोण आणणार, मामा कुठंय?

“चला,” मामा म्हणाला. “मले थांबता येत नाई. घ्या त्याले मांडीवर.”

“त्या गाडीत परत?” आई म्हणाली. “तू जा. तिले सांग, बहीण आली नाई.”

“कुत्र्यापाई? लोक काय म्हन्तीन?”

“म्हनू दे. संध्याकाळी घ्याले ये.”

मामा गाडीत बसला. धूळ खाली बसली तेव्हा आई मातीत मांडी घालून बसलेली होती, लग्नाच्या साडीवर चिखल. तिनं बोटानं पोट्ट्याचा ओठ वर केला.

“इकडं पाह्य.”

जिभेच्या कडेला गुलाबी रेघ आली होती. मधला भाग अजून काळसर होता. फोनवरून डॉक्टर म्हणाले, ओतणं बंद करू नका.

मी म्हातारीची घागर उचलली. हापशी रस्त्यापलीकडे, शेताच्या बांधावर होती. दांडा इतका तापला होता की ओढणी गुंडाळून धरावा लागला. पाणी आधी ठसका लागल्यासारखं आलं, मग धार धरली. पहिली घागर आणली तर पाणपोईसमोर एक मोटरसायकलवाला उभा होता, मागे खताचं पोतं, ओठ पांढरे पडलेले. तो रिकाम्या रांजणात वाकून पाहत होता.

“पानी कुठं गेलं?”

म्हातारीनं हनुवटीनं पोट्ट्याकडे दाखवलं. तो बघतच राहिला. आईनं रिकामा तांब्या पुढे केला, पोट्ट्यासाठी.

मी म्हातारीकडे पाहिलं.

पहिला तांब्या त्या माणसाला दिला. तो घटाघटा प्यायला, दुसरा मागितला, तोही दिला. तेवढा वेळ आई एका हातानं पोट्ट्याच्या कानात फुंकर मारत होती आणि दुसऱ्या हातानं मला घाई करत होती. मग उरलेलं पाणी थेट घागरीतूनच पोट्ट्याच्या पाठीवर ओतलं. ते थरथरलं, पुढचा पाय मातीत रोवून उठायला गेलं आणि पुन्हा बसलं.

“जा व माय,” म्हातारी म्हणाली. “रांजन काही एका खेपंनं भरत नाई.”

मी रिकामी घागर घेऊन पळाले.