आटवलेल्या तळ्याचं सुतक

माझ्या सुनेचे वडील हे पृथ्वीवरचे एकमेव गृहस्थ असावेत, ज्यांना परक्या मुलखातलं एक तळं आटवलं म्हणून सुतक लागलं. तेसुद्धा तळं आटवून पिढ्या उलटल्यावर. मी सातवी शिकलेला गवंडी. पाणी असलं तर तळं, नसलं तर जमीन, एवढंच मला कळतं. पण हे पाटबंधारे खात्यात जन्मभर नकाशे काढून रिटायर झालेले. कुणीतरी जाणूनबुजून पाणी सोडून दिलं, हे त्यांना देव्हारा मोडीत काढल्यासारखं वाटतं.

माझी बायको गेल्या वर्षी गेली. मुलानं मला सिन्नरहून उचललं आणि इथे आयर्लंडात, नास नावाच्या गावी आणून ठेवलं. पाठोपाठ हे लेकीकडे तीन महिने राहायला आले. एका घरात दोन व्याही म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. दारातून आत शिरायलाच आम्हाला पाच मिनिटं लागायची. "तुम्ही आधी." "छे छे, तुम्ही मुलाकडचे." पहिला घोट कुणी घ्यायचा यात चहा गार व्हायचा. सोयऱ्याला तोंडावर उलट बोलायचं नाही ही आमची रीत, आणि या रीतीचा फायदा घेऊन या माणसानं माझे कान किटवले.

सुरुवात स्कॉटलंडच्या सहलीत झाली. बोटीत गाडी घालून आम्ही सगळे गेलो. पोरं किल्ल्यासमोर फोटो काढत होती आणि हे रस्त्याकडेला एका पाटीपुढे उभे. पाटीवर लिहिलेलं, की समोरचं गायींचं कुरण पूर्वी तळं होतं. बस्स. तासभर हे हलले नाहीत. मी छत्री धरून शेजारी, कारण सोयऱ्याला पावसात टाकून जाणार कसं? नासला परतल्यावर यांनी लायब्ररीतून त्या तळ्याच्या इस्टेटीवरचं जाडजूड पुस्तक आणलं, आणि रोज सकाळी अकराच्या चहाला मला तळं सुरू झालं.

एक जमीनदार होता. काठावर त्याचा वाडा, होड्या ठेवायला पाण्यालगत दगडी घर. त्याला तळ्याच्या जागी ओट्स पिकवायचे होते. त्यानं टेकडीतून चर खणला, तो ढासळला. दुसरा खणला, तोही ढासळला. तिसऱ्यानं तळं गेलं. गाळात मासे तडफडत राहिले, ते गावानं टोपल्या भरून नेले. खाली लाकडी खुंट निघाले, जुन्या काळी पाण्यात घरं करून राहणाऱ्या माणसांचे. त्याच्या मुलानं वाटेच्या दुतर्फा झाडं लावली, नातवानं सगळं घालवलं, वाड्याचं छप्पर गेलं. होड्यांचं घर मात्र अजून उभं आहे, भर कुरणात, आत गायी. हे मला तोंडपाठ आहे, कारण मी ते नव्वद वेळा ऐकलंय. नात तर चहाची भांडी वाजली की म्हणायची, "आजोबा, नॉट द लेक अगेन," आणि वर पळायची. तिला पळायची सोय होती.

एकदा तर चर कसा काढला हे दाखवायला त्यांनी मागच्या हिरवळीत साठलेल्या डबक्यापासून कुंपणापर्यंत खुरप्यानं पाट काढला. उतार असा अचूक, की सगळं पाणी शेजारणीच्या शेडमध्ये. ती बाई भली. "ग्रँड, ग्रँड," म्हणाली, म्हणजे काही बिघडलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी शेडपुढे फळ्या ठोकल्या. जन्मभर पाणी अडवलेल्या माणसाचं पाणी अडवायला शेवटी गवंडी लागला. कुंपणापाशी विटा मी लावल्या. हे मागे उभे राहून मला विटेची जाडी सांगत होते.

त्यांचे जायचे दिवस आले आणि मुलानं विषय काढला. सिन्नरचं घर बंद राहून वाळवी लागेल, सामान काढून भाच्याला राहायला देऊ. व्याही तिकडे चाललेच आहेत, तेच करतील. यांनी लगेच कागद घेतला, पट्टीनं रेघा मारल्या. मोठी भांडी, मंदिरात देणे. कपाट, रिकामे करून भाच्यास. शिलाई मशीन, गरजूस. साड्या, वाटून टाकणे. खालोखाल, सुबक अक्षरात. ते घर मी स्वतः बांधलं. मशीनला उजेड मिळावा म्हणून खिडकी हातभर डावीकडे घेतली होती, बायकोनं दोनदा पाडून घेतली. हे मी कुणाला बोललो नाही. किल्ली टेबलावर काढून ठेवली. सोयऱ्याला नाही कसं म्हणणार?

शेवटच्या दिवशी अकराला चहा आला आणि तळं सुरू झालं. हे म्हणाले, "त्या माणसानं एकदा काठावर बसून विचार केला नाही हो, की गेलेलं पाणी परत कुठून आणणार."

माझ्या तोंडून निघून गेलं. "मग त्याच्यात आणि तुमच्यात फरक काय? त्यानं चर खणला, तुम्ही यादी केलीत."

 मी रीत मोडली होती.  त्यांनी यादी उचलली, चार घड्या घातल्या आणि खिशात टाकली. चष्मा पुसला. मग अगदी हळू म्हणाले, "खिडकी डावीकडे का आहे, ते लग्नात विहीणबाईंनी मला सांगितलं होतं. विसरलो." किल्ली घेतली आणि बॅग भरायला गेले. विमानतळावर दारातून आधी कोण, यात आम्ही लोकांचा रस्ता अडवून ठेवला.

आठवड्यानं फोन आला. "व्याहीबुवा, तुमच्या घरात बसलोय. खिडक्या उघडल्या, जळमटं काढली, मशीनला तेल दिलं. बाकी जिथलं तिथं आहे. भाच्याला मी सांगितलं, मोजणी बाकी आहे." मी विचारलं, कसली मोजणी? म्हणाले, "आमच्या खात्यात मोजणी कधी संपत नाही." मग चाळीस मिनिटं तळं.

आता अकराला घर गप्प असतं. चहा गरम प्यायला मिळतो, आणि तो मला गोड लागत नाही. मागच्या हिरवळीतला त्यांचा पाट तसाच आहे. पाऊस पडला की त्यात वीतभर पाणी साठतं, एक काळा पक्षी येऊन पितो. मुलगा म्हणतो, बाबा, तुम्ही गवंडी, बुजवून टाका ना. टाकीन म्हणतो. खुरपं सापडत नाही असं सांगितलंय.