सोपानची सावड

नांदेडला उतरून विमान जागेवर लावलं, पंखे थांबले, प्रवासी उतरायला लागले आणि मी सवयीने फोन चालू केला. आमच्या बॅचमधल्या एकाचा निरोप होता. सोपान मुळशीला घरी जाताना माले गावाच्या अलीकडे मोटारसायकलसकट रस्त्याखाली गेला आणि जागीच संपला. भर दुपारी. मी निरोप कॅप्टनना दाखवला आणि म्हटलं, परतीचं विमान मला घेता येणार नाही. त्यांनी नुसती मान हलवली आणि कंपनीला फोन लावला. आमच्या धंद्यात हे ज्याचं त्याने सांगायचं असतं, की आज मी विमान चालवण्याच्या स्थितीत नाही. कुणी नाडी बघायला येत नाही. दुसरा को-पायलट येईपर्यंत प्रवासी ताटकळले, काहीजण माझ्याकडे रागाने बघत होते आणि मला त्यांचं काहीही वाटत नव्हतं. सोपानने हे वाक्य नोकरीला लागल्यापासून एकदाही उच्चारलं नव्हतं. आणि त्या दुपारी तर ते कुणाला सांगायचाही प्रश्न नव्हता, कारण कागदावर तो विश्रांती घेत होता.

तो मुळशीचा, मी अकोल्याची. प्रशिक्षण एकत्र झालं, एकाच छोट्या कंपनीत एकाच वेळी लागलो आणि दोघेही उजव्या खुर्चीतले म्हणजे को-पायलट, त्यामुळे एका विमानात आम्ही कधीच शेजारी बसलो नाही. आजोबांचं नाव जसंच्या तसं त्याला ठेवलेलं. मी चिडवायची, की को-पायलट सोपान अशी घोषणा झाली की लोकांना वाटत असेल आता टाळ निघणार. तो म्हणायचा, निघू दे, तेवढेच लोक जागे राहतील. हसला की डोळे पार मिटायचे त्याचे. तसा बोलका नव्हता. शहरी मराठी नीट बोलायचा, पण दमला की त्याची भाषा गावाकडे वळायची; ‘आहे’चं ‘हाय’ झालं की मी ओळखायची, गडी संपलाय.

आमचा बेस, म्हणजे ड्युटी जिथून सुरू होते ते ठाणं, हैदराबाद. पंख्यांची लहान विमानं, लहान गावं, दिवसातून चार-चार वेळा चढ-उतार. नव्या माणसापुढे पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न येतो. बेसमध्ये खोली घेऊन राहायचं, की घर आहे तिथेच ठेवून येऊन-जाऊन करायचं? मी खोली घेतली. खिडकीतून शेजाऱ्यांची पाण्याची टाकी दिसते, दुसरं काही नाही, पण ड्युटी संपली की अर्ध्या तासात मी अंथरुणावर असते. सोपानने एका फ्लॅटमध्ये फक्त खाट घेतली. त्या फ्लॅटमध्ये त्याच्यासारखेच येणारे-जाणारे पायलट असत, कोण कधी झोपतोय आणि कोण उठतोय याला धरबंध नाही. त्याची बॅग कधी उघडून कपाटात गेली नाही. पुण्याला लवकरच बेस निघणार अशी एक वावडी आमच्याकडे कायम असते, आणि ती नेमकी ज्यांना हवी असते त्यांनाच खरी वाटते. सोपानला ती शेवटपर्यंत खरी वाटत होती.

येऊन-जाऊन म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळत नाही. पायलटला काय, बसला विमानात की पोहोचला घरी, असं लोकांना वाटतं. पुण्याच्या विमानात जागा रिकामी असेल तर आम्हाला मिळते, नसेल तर काउंटरपाशी उभं राहायचं, पुढच्या विमानाची वाट बघायची, तेही भरलं तर बस पकडायची. पुण्यात उतरलं की तिथे ठेवलेल्या मोटारसायकलवरून सगळं शहर ओलांडायचं, मग चांदणी चौक, पिरंगुट, पौड आणि पुढे मुळशी. सुट्टीचा निम्मा वेळ असा रस्त्यात जायचा आणि उरलेल्यात परतीची काळजी. नवा असल्यामुळे रोस्टरमध्ये स्टँडबायही त्याच्याच वाट्याला जास्त, म्हणजे बोलावणं येईल म्हणून गणवेश टांगून बेसमध्येच बसून राहायचं. नियम किती तास विश्रांती हवी ते सांगतात. ती झोपून घेतली की काउंटरपाशी उभं राहून, ते कुणी विचारत नाही. मी विचारायची. माझं तोंड तसं फटकळच आहे.

एवढं करून घरी जायचं कशाला? तर गुडघाभर चिखलात उभं राहायला. सोपानचे वडील तो कॉलेजात असताना गेले. धरणाकाठची जमीन त्यांनीच बंगलेवाल्याला विकली होती, त्या पैशातून याचं पायलटचं लायसन्स झालं. वरच्या अंगाची भाताची खाचरं तेवढी उरली, आणि ती आई करते. मजूर मिळत नाहीत, म्हणून त्यांच्या आळीत अजून सावड चालते. आज सगळ्यांनी मिळून तुमची आवणी, म्हणजे भाताची लावणी, करायची, उद्या माझी. माणसाच्या बदल्यात माणूस, दिवसाच्या बदल्यात दिवस, आणि माणूस घरचाच पाहिजे. पैसे देऊन दुसरा पाठवला तर लोक तोंडावर काही बोलत नाहीत, पुढच्या वर्षी बोलावत नाहीत. ज्या घराचा माणूस सावडीला जात नाही, त्या घराची खाचरं पडीक राहतात, आणि पडीक खाचराच्या बांधावर प्लॉटवाला दुसऱ्याच वर्षी येऊन उभा राहतो. आईचे, इंदूबाईचे, गुडघे गेलेले. तेव्हा पावसाळ्यात इंदूबाईच्या घरचा माणूस म्हणजे सोपान. विमानातून उतरायचं, चिखलात उतरायचं आणि पुन्हा विमानात बसायचं.

गेल्या पावसाळ्यात मी त्याच्याबरोबर गेले होते, हट्टाने. भिकूतात्या म्हणून त्यांचे शेजारी आहेत, त्यांच्या खाचरात आवणी होती. मी तासाभरात दोनदा बसकण मारली आणि बायका पदर तोंडाला लावून हसल्या. सोपान मात्र ओळीत वाकला तो वाकला. सगळे मागे सरकत सरकत रोप रोवत होते आणि त्याचा हात कुठे अडखळत नव्हता. कॉकपिटमध्ये मी त्याला पाहिलं नव्हतं, पण तिथेही तो असाच असणार असं मला वाटलं. जेवणाच्या वेळी मंडळी बांधावर बसली आणि तो भाकरी हातात धरून बसल्या जागी झोपला. त्याच्या आईने ती हळूच काढून घेतली. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, “तूच सांग बाय त्याला. तितंच ऱ्हा म्हनावं. हितं मी बगीन.” मी विचारलं, तुम्ही बघाल म्हणजे कशा? ती भाकरी फडक्यात बांधायला लागली. ते जमणार नाही हे तिलाही माहीत होतं, आणि मला राग आला तो याचाच. त्या घरात सगळ्यांना सगळं माहीत होतं.

या जूनमध्ये आमचं त्यावरून वाजलं. माझ्या इमारतीच्या गच्चीवर बसलो होतो, चहा घेऊन. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. मी म्हटलं, खोली घे, आईला इथे आण, खाचरं एखाद्याला वाट्याने दे. एकेक करून त्याने सगळं खोडलं. वाट्याने करणारं कुणी उरलं नाही, आणि आई इथे चौथ्या मजल्यावर कुणाशी बोलणार? मी चिडून म्हटलं, मग नोकरी सोड. हेही नाही आणि तेही नाही असं किती दिवस चालेल? त्याने कप बाजूला ठेवला. मग म्हणाला, “प्रीती, तुला अकोल्यात कुणी विचारतं का गं, तू कुणाच्या घरची म्हणून? मला तितं विचारत्यात. मी गेलो न्हाई तर आमचं घर त्यातनं पुसलं जाईल. पुण्याचा बेस निघंपर्यंत तर ओढायचं हाय…” भाषा घसरली होती. मी त्याला म्हटलं, जा, झोप. आणि तो झोपायला न जाता विमानतळावर गेला, कारण संध्याकाळच्या पुण्याच्या विमानात जागा होती.

जुलैत त्याने सुट्ट्या तुकड्यातुकड्याने घेतल्या आणि प्रत्येक घरी जाऊन आपला दिवस भरला. सगळ्यांकडे त्याची सावड झाली, आता सगळ्यांनी त्याच्याकडे यायचं तेवढं राहिलं होतं. मधे पुन्हा हैदराबादला येऊन ड्युटी केली. परत निघाला तो स्वतःच्या आवणीसाठी. खरं तर त्याची गरजच नव्हती. त्याच्या आईने मला नंतर सांगितलं, “मी फोनवर म्हनलं व्हतं, नगं येऊस. समद्यांचं दिस तू करून बसलायस, लोकं यायचीच हायेत. तर म्हनला, आपल्या खाचरात आपुनच न्हाई, म्हंजी कसं दिसतं?”

कसं दिसतं… या दोन शब्दांपायी एक माणूस गेला असं मी म्हणते, तेव्हा लोक मला समजावतात. पोलिसांनी पावसाचं कारण लिहिलं. पाऊस होता हे खरं. पण मी ती जागा बघून आले आहे. तिथे वळण नाही, खड्डा नाही, रस्ता सरळ आहे, आणि ब्रेक मारल्याची खूण नव्हती असं पाहणाऱ्यांनीच सांगितलं. तो झोपला होता. हे मला कुणी सिद्ध करून द्यायची गरज नाही. कंपनीतल्या शोकसभेत त्याच्या शिस्तीबद्दल चांगलं बोलले आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी रोस्टरवर दुसरं नाव आलं. कुणाचीही एकट्याची चूक नाही. असं असलं की राग धरायलाही जागा राहत नाही. मला तो येतो, आणि सगळ्यात जास्त सोपानचाच येतो.

दहाव्याला मी मुळशीला गेले आणि राहिले. घरात सुतक, त्यामुळे खाचरांकडे कुणी फिरकलं नव्हतं. राबातलं, म्हणजे लावणीसाठी वाफ्यात पेरून ठेवलेलं, रोप वाढून पिवळं पडायला लागलं होतं. आणखी थोडे दिवस गेले असते तर लावूनही उपयोग नव्हता. सकाळी मी त्याच्या आईजवळ ओसरीवर बसले होते. खालच्या अंगाने माणसं येताना दिसली. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, हातात काही नाही. कुणी घरात आलं नाही, कुणी चहा मागितला नाही. थेट राबात उतरले आणि रोप उपटायला लागले. मी एका बाईला विचारलं, कुणी बोलावलं होतं का? ती म्हणाली, “बोलवायचं कशाला? त्यानं आमच्यात दिस केलाय. त्यो फेडाया नगं व्हय?” रोज दोन-तीन घरची माणसं आली. गाणं नाही, थट्टा नाही, नुसता चिखलाचा आवाज. बघता बघता एकेक खाचर हिरवं होत वरवर आलं.

मला बरं वाटत होतं. चांगलं काहीतरी घडतंय असंच कुणालाही वाटलं असतं. आईच्या चेहऱ्याकडे माझं लक्ष गेलं नाही. शेवटचं वरचं लहान खाचर राहिलं, आणि शेवटचं घर राहिलं भिकूतात्यांचं. ते आणि त्यांची सून रोपाच्या मुठी टाकून खाचरात उतरणार, तोच आई ओसरीवरून उठली आणि काठी टेकत, पावसात, डोक्यावर काही न घेता बांधावर गेली. मी मागे धावले.

“तात्या, तुमचा दिस ऱ्हाऊ द्या.”

“आसं कसं, इंदूबाय? माझ्यात त्यानं दिसभर वाकून काम केलंय. मेल्या मानसाचं देनं ठिवून कसं चालंल?”

“समद्यांनी फेडलं,” ती म्हणाली. “एकेक घर फेडून गेलं. तुमीबी फेडलं तर माझ्या पोराचं या गावात काय उरलं?”

भिकूतात्यांनी वाकून पाण्यातल्या मुठी एकेक उचलल्या, बांधावर ठेवल्या आणि सुनेला चल म्हणाले. आई तिथेच खाली बसली. मला तिला उठवता आलं नाही, म्हणून मीही बसले.

त्याला आता काही आठवडे झाले. मी माझ्या खोलीत आहे, विमान चालवते आहे, वेळेवर झोपते. तिच्याशी फोनवर बोलते. बाकीचं भात चांगलं धरलंय, असं ती म्हणते. वरचं खाचर रिकामंच आहे, त्यात नुसतं पाणी उभं आहे. सकाळचं काम उरकलं की ती त्याच्या बांधावर जाऊन बसते. मधे एक प्लॉटवाला येऊन गेला. पडीक दिसतंय, द्यायचं आहे का, असं त्याने विचारलं. ती काही बोलायच्या आत खालून भिकूतात्यांनीच त्याला सांगितलं, की पडीक नाही ते, इंदूबाईच्या सोपानचा एक दिवस माझ्याकडे आहे, आणि तो मला फेडायचा नाही.