परत मोजू

बशीर सरांना शेवटचं भेटले तेव्हा मी एक वाक्य बोलून गेले, आणि गेला दीड महिना ते माझा पिच्छा सोडत नाही. लातूरच्या दवाखान्यात खिडकीशेजारच्या खाटेवर ते पडून होते. पोटातल्या गाठीचं काय करायचं यावर डॉक्टरांचं एकमत होत नव्हतं. मी पिशवीतली मोसंबी टेबलावर मांडत म्हणाले, "काही होत नाही सर. पंधरा दिवसांत कामावर याल." कोचिंगमध्ये रसायनशास्त्र शिकवते मी, धीर देणं हा आमच्या नोकरीचाच भाग. सरांनी माझ्याकडे मान वळवली. मग म्हणाले, "किती वेळा मोजलं, मॅडम?" मी एक मोसंबं सोलायला घेतलं. सरच पुढे म्हणाले, "अम्मीला मी असंच म्हणलो होतो..." नवव्या दिवशी ते गेले. फोन आला तेव्हा दोन बॅचच्या मधली सुट्टी होती. मी पुढची बॅच पूर्ण शिकवली आणि फळाही पुसला.

त्यांची आई भूकंपात गेली, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कशी गेली ते दवाखान्यातल्या त्या दुपारी कळलं. औशाच्या बाजूचं त्यांचं गाव, वडील आठवडी बाजारात घड्याळं दुरुस्त करायचे, आणि हा मुलगा गावातला पहिला बीएस्सी. भूकंपाच्या आधी कित्येक महिने जमिनीखालून आवाज यायचे, मांडणीवरची भांडी थरथरायची. माणसं घाबरून अंगणात झोपायला लागली होती. गावानं विचारलं ते या शिकलेल्या पोराला. त्यानं पुस्तक उघडून दाखवलं : हे दख्खनचं पठार, जुना टणक खडक, इथे मोठा भूकंप होत नसतो. "पुस्तकात तसंच होतं, मॅडम. मी खोटं न्हाई बोललो," सर छताकडे बघत सांगत होते. "अम्मी म्हणायची, बेटा, जमीन बोलून राहिली. मी हसलो. तिची बाज मीच उचलून आत नेली. म्हणलं, काही होत न्हाई, घरात झोप." त्यानंतर दोन दिवसांनी ते बीएडच्या मुलाखतीसाठी नांदेडला गेले. परतले तेव्हा आपली गल्ली कुठली, हेही ओळखू येत नव्हतं. दगडमातीच्या भिंतीखालून आई निघाली आणि तिच्याजवळ धाकटी बहीण. बाज मोडली नव्हती. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

मग माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत या माणसाच्या तोंडून "काही होत नाही" हे शब्द मी एकदाही ऐकले नव्हते. लातुरात कोचिंगची लाट आली, गल्लोगल्ली वसतिगृहं आणि खानावळी उघडल्या, देवणी-मुखेडकडची पोरं ट्रंका घेऊन एसटीतून उतरायला लागली, तेव्हा सर आमच्याकडे पदार्थविज्ञान शिकवायला आले. रविवारची चाचणी संपली की दुपारी चार-पाच पोरांना घेऊन ते संगणकासमोर बसत. परदेशातल्या एका वेधशाळेकडून आकाशाच्या एकाच तुकड्याची, काही मिनिटांच्या अंतरानं घेतलेली चार चित्रं यायची. ती एकामागून एक फिरवून बघायची. तारे जागच्या जागी राहतात. एखादा ठिपका सरकताना दिसला तर तो लघुग्रह असू शकतो. भर 'असू शकतो'वर. वडिलांचं घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून सर पडद्याला जवळजवळ नाक टेकवायचे. मी चिडवायचे, "सर, चित्र मोठं करता येतं हो." "ठाऊक हाय," म्हणायचे, पण भिंग काही काढायचे नाहीत.

एकदा टीव्हीवर बातम्यांचा धुरळा उडाला की एक लघुग्रह पृथ्वीवर आदळणार. वसतिगृहातल्या मुली रडवेल्या होऊन आल्या. सरांनी शांतपणे फळ्यावर पृथ्वी काढली आणि तिच्यावरून खडू आडवा फिरवून रुंद पट्टा ओढला. निरीक्षणं थोडी असली की लघुग्रहाची वाट अशी अंदाजाची, रुंद येते आणि पृथ्वी तिच्यात सापडते. निरीक्षणं वाढली की पट्टा अरुंद होत जातो, पृथ्वी बहुतेक वेळा बाहेर पडते. मुखेडच्या एका मुलीनं विचारलं, "म्हंजे काही होणार न्हाई ना, सर?" सर म्हणाले, "आजच्या मोजमापापुरतं, न्हाई. उद्या परत मोजू." पोरं हसली. ती मुलगी मात्र हसली नाही.

पालकांशीही त्यांचं हेच. "नंबर लागंल का पोराचा?" असं एखाद्या बापानं हात जोडून विचारलं तरी उत्तर एकच, "आत्ताच सांगता येत न्हाई." संचालकांनी बोलावून समजावलं, की लोक आपल्याकडे विश्वासानं येतात. सरांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी मोठी बॅच काढून घेऊन त्यांना डाऊट काउंटरवर बसवलं. म्हणजे जिन्याखालचं टेबल, जिथे पोरं अडलेली गणितं घेऊन येतात. तेव्हा मीही संचालकांच्याच बाजूनं बोलले होते. "जरा गोड बोलायला तुमचं काय जातं?" असं मी सरांना तोंडावर म्हणाले. त्याची मला आज लाज वाटते.

आजारी पडण्याच्या थोडं आधी त्यांच्या पोरांना एक सरकता ठिपका सापडला. वेधशाळेनं तात्पुरता क्रमांक दिला आणि आणखी निरीक्षणं हवीत असं कळवलं. पोरांनी पेढे आणले, नाव काय ठेवायचं यावर भांडाभांडी सुरू केली. "बाजारात तुरी..." म्हणत सर हसले, पण पेढा घेतला. पुढे तो ठिपका कुणालाच दिसला नाही. पुरेशी निरीक्षणं झाली नाहीत तर लघुग्रह हरवतो. म्हणजे तो असतो, त्याच्या वाटेनं फिरतही असतो, पण आता नेमकं कुठे बघायचं ते कुणाला सांगता येत नाही. दवाखान्यातून सर रोज फोन करून विचारायचे, "आलं का काही?" आणि मी रोज म्हणायचे, "येईल." आता येण्यासारखं काही नाही, असं वेधशाळेचं पत्र माझ्याकडे येऊन पडलं होतं...

गेल्या सोमवारपासून डाऊट काउंटरवर मी बसते. टेबलाच्या खणात ते भिंग आहे, त्याच्या कडेला चिकटपट्टी गुंडाळलेली. पहिल्याच दुपारी शिरूर अनंतपाळची एक मुलगी वही घेऊन आली. गावी आजारी पडून होती, तिला काही कळलंच नव्हतं. "सर कधी येणार?" तिनं विचारलं. 'येतील' हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता.

"येणार नाहीत," मी म्हणाले. "गेले ते."

ती वही छातीशी धरून उभीच राहिली. वरची बॅच सुटली होती, जिना पावलांनी दणदणत होता, टेबल हलत होतं. तिनं खालच्या आवाजात विचारलं, "मग माझं होईल का हो, मॅडम?"

"आत्ताच सांगता येत नाही," मी म्हणाले. "बस." आणि भिंग खणात बाजूला सरकवून, पेन्सिल काढून, मी तिची वही पहिल्या पानापासून उघडली.