झाडप्रेमी मेकॅनिक

मुलुंडला आमच्या गल्लीत त्याचा गाळा आहे. झाडं कापायच्या इंजिनवाल्या करवती तो दुरुस्त करतो आणि भंगारात निघालेल्या जुन्या करवती आणून फळीवर जपतो. रविवारी एकेकीत थोडं पेट्रोल घालून सुरू करतो, डोळे मिटून आवाज ऐकतो. त्याआधी शेजारच्या आजींना न चुकता सांगून येतो, "पाच मिन्टां कान झाकून घेवा हां."

मी झाडं वाचवणारी. मला त्याचा रागच यायचा.

मग नाक्यावरचा शिरीष तोडायला आलेल्या ठेकेदाराची करवत बिघडली. तिला बसणारा कार्बोरेटर ह्याच्या फळीवरच्या एकाच करवतीत होता. ह्याने साफ नकार दिला. मी शाबासकी द्यायला धावले, तर म्हणाला, "झाडाचा काय नाय गो. ह्या मशीन मी खोलूचंय नाय."

हे ऐकूनही मी शिरीष वाचवायच्या आमच्या पत्रकात फोटोसकट छापलं, 'झाडासाठी गिऱ्हाईक परत पाठवणारा मेकॅनिक!' धडधडीत खोटं, पण लढ्याच्या कामाचं. ठेकेदारांनी त्याच्याकडे करवती आणणंच बंद केलं.

काल गेले तेव्हा ती जुनी करवत टेबलावर होती. "ठेकेदाराक मीच फोन केलंय, कार्बोरेटर घेवन जा म्हणान," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला असता तर मीही भांडले असते. मी माफी मागायला लागले.

"ता नंतर. आधी ह्या घट्ट धर गो, स्क्रू गंजलो हा."

शिरीष वाचवायचा तर तिथेच हात मागे घ्यायला हवा होता. मी दोन्ही हातांनी करवत धरून ठेवली.