मोजलेला दम

पारोळ्याच्या पुष्पाबाईंनी उभी हयात जिनिंगमध्ये काढली. कापसाची भुकटी नाकातोंडात जाऊन छाती कामातून गेली, पण गळा खणखणीत राहिला. श्रावणात कानबाई देवीला नदीवर बोळवायला गल्ली निघाली, की चौरंग कुणाच्याही डोक्यावर असो, पुढे गाणार पुष्पाबाईच. त्यांनी ओळ टाकायची आणि मागच्या बायांनी ती झेलायची.

या गाण्यावर टाच आणली ती त्यांच्या पोटच्या पोरानेच. प्रेमराजचं बियाण्यांचं दुकान. किल्ल्याजवळ सकाळचा योगवर्ग सुरू झाला तसा तो जाऊ लागला आणि लगेच अर्ध्या हळकुंडाने पिवळा झाला. जुने योगी आयुष्य वर्षांनी नाही, श्वासांनी मोजायचे, हे तिथे त्याच्या कानावर पडलं. ज्याच्या त्याच्या वाट्याचे श्वास ठरलेले, जपून वापरले तर पुरतात. झालं, घरी येऊन त्याने आईच्या तोंडाला कुलूप लावलं.

"माय, तुना दम मोजेल शेत. गानामा उडाडू नको."

आता त्याच्या भीतीलाही कारण होतं. त्याचे वडील अभिमन आबा त्याच जिनिंगमध्ये राबले आणि धाप लागूनच गेले. दवाखान्याच्या खाटेवर बाप हवेसाठी तडफडताना त्याने पाहिला होता. पण स्वतःच्या भीतीपायी दुसऱ्याला जिवंतपणी मुकं करायचं, हा कुठला न्याय?

एका श्रावणात कानबाई पुष्पाबाईंच्या गाण्याविना नदीवर गेली. त्या ओट्यावर बसून होत्या. बरं, गप्प राहून दम वाचला म्हणावं, तर तेही नाही. पूर्वी गच्चीवर गेल्यावर लागणारी धाप आता अर्ध्या जिन्यातच लागायला लागली. एका सकाळी पोरगं दुकानाच्या मालासाठी धुळ्याला गेलेलं पाहून त्या वर्गात जाऊन बसल्या आणि शिकवणाऱ्या नूतनला त्यांनी सरळ विचारलं, "पोरी, दम साठाडीसन वाढस का?"

"नाही अक्का," नूतन म्हणाली. "प्राण वाहता असतो, तो डब्यात भरून ठेवता येत नाही. तुमच्या छातीत शिळी हवाच अडकून बसलीय. आधी ती सावकाश बाहेर सोडा. नवी आपोआप आत येईल."

मग तिने त्यांना भ्रामरी शिकवली. ओठ मिटून, भुंग्यासारखा हुंकार लांबवत श्वास सोडायचा. पुष्पाबाईंनी एकदा करून पाहिलं आणि त्या हसायलाच लागल्या.

"हाई ते गानंच शे," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्यांनी तो हुंकार सोडला नाही. सकाळी न्हाणीघरात, दुपारी धान्य निवडताना त्यांचं चालूच. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं?

यंदा कानबाई निघाली तेव्हा प्रेमराजने लाउडस्पीकरची रिक्षाच आणून उभी केली. गाणी तयार होती, आईने नुसतं चालायचं होतं. पुष्पाबाई रिक्षासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"बंद कर."

"माय, धाप लागी."

"लागू दे. देवनी मोजीसन दिधा व्हतीन, पन खर्चाना हक मना शे."

रिक्षावाल्याने दोघांकडे पाहिलं आणि मुकाट्याने बटण बंद केलं. पुष्पाबाईंनी ओळ टाकली. एक श्रावण उपाशी राहिलेली गल्ली, तिने ती झेलली.

नदीच्या उतारावर मात्र शब्द मध्येच तुटला. पुष्पाबाईंनी छातीवर हात ठेवला. सगळी मिरवणूक थांबली. प्रेमराज धावत आला आणि त्याने आईचा दंड धरला.

"पुरे, माय."

त्यांनी त्याचा हात झटकला. ओठांचा चंबू केला आणि हवा बाहेर सोडायला लागल्या, हळू, अगदी हळू, छाती रिती होईपर्यंत. प्रेमराज बघत राहिला. बाप हवा आत ओढता ओढता गेला होता. आई ती सोडून देत होती, आणि नवा श्वास आपल्या पायांनी आत येत होता.

पुष्पाबाईंनी तुटलेला शब्द तिथूनच उचलला. मागे झेलणाऱ्या आवाजांत या वेळी एक बाप्याचा होता, दबका आणि पार बेसूर. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"जोरमा म्हन," त्या म्हणाल्या. "का तुनाबी दम मोजेल शेत?"