ओळखीचे दात

तीस वर्षं किल्ल्या घासून किल्लीवाल्याच्या अंगठ्याला जणू डोळे फुटले होते. त्या दुपारी एका सभ्य गिऱ्हाइकाने डुप्लिकेट करायला किल्ली दिली. दातांवरून अंगठा फिरला आणि तिथेच थबकला. किल्ली त्याच्याच घराची होती! परवा बायकोच्या पिशवीतून ती गेली, तेव्हा त्याने घर डोक्यावर घेतलं होतं. कुलूप मात्र बदललं नव्हतं. दिव्याखाली अंधार! गावात एवढी दुकानं, आणि ती नेमकी इथेच यावी?

"कुणाच्या घराची?"

"भावाच्या."

त्याने मूळ आणि नव्या, दोन्ही किल्ल्यांचा एकेक दात जास्त घासला. सुटलो!

गिऱ्हाईक म्हणालं, "नीट झाली ना? सकाळी पलीकडच्या दुकानात केलेली किल्ली दार उघडताना फार आवाज करते."