मला वाचता येत नाही, साहेब

परशुराम अण्णा. मी आज जो काही आहे तो ज्यांच्यामुळे, त्या माणसाचं हे नाव. दीड महिन्यापूर्वी त्यांच्या मुलीचा, सुनंदाक्काचा फोन आला. "तम्मा, अप्पा गेले रे," एवढंच ती बोलली. मी हुबळीला पोचलो तेव्हा अंगणात बुद्धवंदना चालू होती. अण्णांचे हात चादरीबाहेर होते. भट्टीच्या ठिणग्यांचे पांढरे डाग मनगटापर्यंत तसेच.

हुबळीजवळ तारिहाळच्या एका पोलाद कारखान्यात अण्णा भट्टीवरचे मुख्य कारागीर होते. तिथे भंगार वितळवून बांधकामाच्या सळ्या करत. माझे वडील तिथेच भंगार उतरवायचे. बारावीनंतर वडिलांनी मलाही त्याच कामाला लावायचं ठरवलं, तेव्हा अण्णा घरी आले आणि दारातूनच बोलले, "छप्पन साली दीक्षा झाली तेव्हा मी बापाच्या खांद्यावर होतो. ती काय पोराला भंगारात उतरवायला घेतली होती?" वडील चिडून म्हणाले, "अण्णा, तुम्ही तरी कुठं शिकलात?" "म्हणूनच बोलतोय. बसवरची पाटी दुसऱ्याला विचारून मी चढतो. ह्याला ती पाळी नको." त्यांनीच मला धारवाडला नेलं. तिथल्या मळमड्डी भागात एका निवृत्त मास्तरांकडे माझ्यासाठी खोली मागायला ते खुर्चीच्या काठावर बसले होते. मास्तरांनी विचारलं, हा तुमचा कोण? अण्णा कन्नडमध्ये म्हणाले, "तम्मा." धाकटा भाऊ. तेव्हापासून अण्णांच्या घरात माझं तेच नाव.

रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागलो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. पांढरा कोट घालून पहिल्यांदा भट्टीजवळ गेलो तर अण्णा म्हणाले, "बटणं नीट लाव. माणसं तुझ्या कागदावर विश्वास ठेवणार आहेत." पोलाद ओतण्याआधी ते चमचाभर रस साच्यात घेत, गार करून घणाने तोडत आणि तुटलेल्या बाजूचा दाणा बघत. दाणा बारीक आणि करडा असला तर माल चांगला. मोठा आणि चमकणारा असला तर ठिसूळ. दुसरा तुकडा माझ्याकडे येई, मी तपासून चिठ्ठी देई. त्या चिठ्ठीशिवाय ओतायचं नाही, हा नियम. अण्णा म्हणायचे, "मी दाण्यात वाचतो, तू बाटलीत वाच. दोघांचं जुळलं की ओतू."

ते दिवस वाईट होते. परदेशातलं स्वस्त पोलाद बंदरांवर उतरत होतं आणि आमच्यासारखे लहान कारखाने एकामागून एक बंद पडत होते. शेजारच्या दोन कारखान्यांच्या फाटकांना कुलूप लागलेलं आम्ही रोज येता-जाता बघायचो. शेवटी सरकारने बाहेरच्या पोलादावर कर वाढवला आणि सरकारी बांधकामांत देशी पोलादच वापरायचं ठरवलं. आमच्या कारखान्याचं नाव पुरवठादारांच्या यादीत आलं, पण अट होती : पहिला माल सरकारी तपासणीत उतरला पाहिजे. नाही उतरला तर आमच्याही फाटकाला कुलूप. हे सगळ्यांना ठाऊक होतं. झाडूवाल्या गंगव्वासुद्धा मला विचारायच्या, "साहेबा, आपलं पोलाद पास होतंय ना?"

तो पहिला माल ओतायचा होता त्या दिवशी, लवकर करा म्हणून, मॅनेजरांचा दोनदा फोन आला. स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, जास्त झालं की पोलाद ठिसूळ होतं, पण त्याची चाचणी वेळ खाते. आधीचे तीन घाणे ह्याच भंगाराचे होते, तिन्ही चांगले निघाले होते. मी तोच आकडा धरला, चाचणी अर्धी ठेवली आणि चिठ्ठीवर 'ठीक' लिहून पाठवून दिली. थोड्या वेळाने अण्णा स्वतः आले, हातात तोडलेला तुकडा. "तम्मा, दाणा मोठा दिसतोय. परत एकदा बघतोस?" मी मान वर न करता म्हणालो, "अण्णा, कागदावर बरोबर आहे. ओता." त्यांनी तुकडा खिशात टाकला. "बरं बाबा. तू शिकलेला," म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, हेच मला आजही सहन होत नाही.

सरकारी अधिकाऱ्यासमोर त्या घाण्यातली तिसरी सळी वाकवताना तडकली. ऑफिसात सगळ्यांना बोलावलं. मी दाराशी उभा होतो. अर्धी चाचणी मी नंतर पुरी केली होती. आकडा वाईट होता आणि तो वहीत लिहिलेला होता; 'ठीक' होतं ते फक्त चिठ्ठीवर. मॅनेजरांनी अण्णांना विचारलं, "चिठ्ठी कुठाय?"

"भट्टीत गेली, साहेब."

"काय लिहिलं होतं तिच्यात?"

"मला वाचता येत नाही, साहेब. कुणाकडून तरी वाचून घ्यायला पाहिजे होती. नाही घेतली. ओतलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. प्रयोगशाळा खोटी ठरली असती तर आमचा प्रत्येक कागद खोटा ठरला असता आणि यादीतून नाव गेलं असतं. भट्टीवाल्याची चूक म्हटल्यावर एक घाणा बाद झाला आणि दुसरी संधी मिळाली. फक्त भट्टीवाला बदला, असं अधिकारी म्हणाले. तेव्हा एक वाक्य मला बोलता आलं असतं. मी बोललो नाही.

अण्णांना भंगाराच्या यार्डात टाकलं. कारखाना पुढे बरीच वर्षं चालला. चहाच्या टपरीवर पोरं म्हणायची, "अण्णा, कप वाचून घेतलात का? नाहीतर तोंड भाजेल!" अण्णा सगळ्यांबरोबर हसायचे. कप हातात धरून मी तिथेच असायचो. पुढे मला परगावी सरकारी नोकरी लागली. तिथून मी त्यांना एक पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. नंतर कितीदा तरी त्यांच्याकडे गेलो. ते मुलांची चौकशी करायचे, भाकरी खाऊन जा म्हणायचे. पत्राचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. अक्काने वाचून दाखवलं असणार, असं मी धरून चाललो. पुन्हा एकदा, न तपासता.

मागच्या आठवड्यात अक्काने त्यांचा पत्र्याचा डबा माझ्यासमोर उघडला. आत पोलादाचा एक तुटका तुकडा होता, दाणा मोठा, अजून चमकणारा. त्याखाली माझं पत्र. पाकीट फोडलेलंच नव्हतं. अक्का म्हणाली, "तुझं अक्षर मी ओळखलं. वाचून दाखवू का म्हटलं, तर म्हणाले, नको. त्यात काय आहे ते मला ठाऊक आहे. तू वाचलंस तर तुलाही ठाऊक होईल."

मी ते तिथेच, त्यांच्या खाटेवर बसून अक्काला मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांच्याबरोबर काम केलेले बरेच जण वर्तमानपत्राचं हे पान वाचतात. म्हणून इथेही देतो.

"ती. परशुराम अण्णांना, सविनय जयभीम.

त्या दिवशी मी चाचणी पुरी केली नव्हती. आधीचा आकडा धरून 'ठीक' लिहिलं. तुम्ही तुकडा घेऊन आलात तेव्हा मी मान वर केली नाही आणि ऑफिसात तोंड उघडलं नाही. चूक माझी होती, नाव तुमचं गेलं. इथे लोक मला साहेब म्हणतात. तो शब्द ऐकला की मला तुमचं त्या दिवशीचं बोलणं ऐकू येतं. हे पत्र मॅनेजरांना दाखवा. टपरीवर सगळ्यांसमोर वाचायला लावा. मी नाही म्हणणार नाही. अण्णा, तुम्ही ती चिठ्ठी वाचून घेतली नाही असं सांगितलंत. ही तरी वाचून घ्या.

तुमचा,
तम्मा"